उभ्याने घेतलेला आकडा

११ जानेवारी

चिमे,

फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र तरी हातात घेशील. फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावंच लागतं.

काल तुझ्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. हृदयाच्या डॉक्टर, जाड कागद, खाली ठसठशीत शिक्का. तू कारखान्यात होतीस तेव्हा दवाखान्यात तुझ्या ज्या तपासण्या झाल्या, त्यांच्या नोंदी हव्यात म्हणे. पत्र आधी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर गेलं, तिथून शिपायाने ते माझ्याकडे आणलं, आणि येताना तो इस्त्रीच्या हॉलमधून आला. म्हणजे मला मिळायच्या आधी अठ्ठावीस बायकांना कळलं होतं. असो. मी नोंदवही काढली, तुझ्या अकराच्या अकरा नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवल्या आणि आजच्या टपालाने पाठवून दिल्या. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

अकरा वेळा आलीस तू. अकरा वेळा तीच तक्रार: इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहिलं की दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अकरा वेळा मी तुला कॉटवर आडवं केलं, पाच मिनिटं शांत पडू दिलं, नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन पाहिला. सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. माझा स्वतःचा शहाण्णव असतो! मग मी शेरा लिहिला, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही. कामावर पाठवावे.' दुसरं काय लिहायला हवं होतं, तूच सांग. या कारखान्यात तुला मी चिकटवलं. पहिल्या दिवसापासून लोक म्हणत होते, सिस्टरची बहीण आहे, तिला कोण बोलणार. सख्ख्या बहिणीला 'विश्रांती द्यावी' असं एकदा जरी लिहिलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी अर्धा हॉल माझ्या कॉटवर असता.

आणि तुला कुणी काढलं नाही. सुपरवायझरने ताकिदीच्या तीन चिठ्ठ्या दिल्या होत्या. चौथीची वाट न पाहता तूच ओळखपत्र टेबलावर ठेवलंस आणि लेकीकडे निघून गेलीस. मला न सांगता. सात महिने झाले.

'आडवीबाई' या नावाचा तुला राग आला हे मला कळतं. ते कुणी ठेवलं देव जाणे. बायकांच्या तोंडाला कोण झाकण घालणार?

पाठ सरळ ठेवायची सवय कर. दोन वर्षांपूर्वी स्टुलावरून पडलीस आणि मणका दबला, तेव्हापासून पोक काढून चालतेस. छाती आवळली की दम लागणारच. हे मी तुला शंभरदा सांगितलंय.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

चिमे,

तुझ्या डॉक्टरीणबाईंचं आणखी एक पत्र आलं. या वेळी एकच ओळ. 'ही सर्व मोजमापे रुग्ण उभी असताना घेतली की झोपलेली असताना, हे कृपया कळवावे.'

वहीत तारीख आहे, नाव आहे, विभाग, तक्रार, नाडी, दाब, ऑक्सिजन, शेरा. उभी की झोपलेली असा रकाना कुठल्याही वहीत नसतो. मी उत्तर पाठवलं, 'नियमाप्रमाणे.' एवढंच. ज्याला कळायचं त्याला कळेल.

नियम काय, ते तुला पाठ आहे, कारण मी तो घरी जेवतानासुद्धा ऐकवायचे. मी शिकत होते तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर हातात लाकडी पट्टी घेऊन वॉर्डात फिरायच्या. एकदा मी जिना चढून आलेल्या बाईची नाडी लगेच पाहिली आणि कागदावर एकशेदहा लिहिलं. त्यांनी कागद फाडला. म्हणाल्या, "ही जिन्याची नाडी आहे, बाईची नाही. आधी आडवं कर, पाच मिनिटं घड्याळ बघ, मग हात लाव." छत्तीस वर्षं मी तो नियम मोडलेला नाही. लोक माझ्या दवाखान्याला हसतात, सिस्टरकडे डोकं दुखतंय म्हणून गेलं तरी आधी पाच मिनिटं मढ्यासारखं पडावं लागतं म्हणतात. हसू देत. माझा आकडा म्हणजे आकडा असतो.

परवा तुझ्या लेकीचा फोन आला होता. मी काही विचारायच्या आत ती सुरू झाली. तिकडच्या दवाखान्यातही तुला कॉटवर झोपवून बघतात आणि सगळं चांगलंच येतं म्हणाली. छातीचा फोटो स्वच्छ. दम्याचा पंप दिला, त्याने काडीचा फरक नाही. एका डॉक्टरने तर मनाचं आहे म्हणून गोळ्या दिल्या. "पण मावशी," म्हणाली, "आई दोरीवर कपडे वाळत घालते ना, तेव्हा तिचे ओठ जांभळे होतात. मी स्वतः पाहिलंय. मग ती तिथेच गच्चीच्या फरशीवर आडवी होते आणि दोन मिनिटांत माणसात येते. असं कुठे असतं का?"

मी म्हटलं, डॉक्टरांना सांग.

"सांगितलं. त्यांच्याकडची पुढची तारीख महिन्याने आहे, तोवर त्या म्हणतात, आधी जिथे अकरा वेळा तपासलंय तिथे उभ्याने कधी पाहिलं होतं का, ते कळू दे. तू सरळ उत्तर का देत नाहीस?"

माझ्याशी कुणी असं बोललेलं मला आवडत नाही, तुला माहीत आहे. मी फोन ठेवला.

आणखी एक गोष्ट लिहायची होती. राहू दे.

ताई


८ फेब्रुवारी

चिमे,

गेले पाच दिवस मी एक उद्योग करतेय. दवाखान्यात जी कुणी येते, तिला आधी उभं ठेवून बोटाला चिमटा लावते, मग आडवं करून पुन्हा लावते. बोट कापलेली असो की पोट दुखणारी असो. आजपर्यंत एकतीस झाल्या. उभ्याने सत्त्याण्णव, आडव्याने सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णवला अठ्ठ्याण्णव. एकीचाही आकडा हलत नाही.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

काल बटणवाली आली होती, सुई बोटात गेली म्हणून. तीच, जी तुझ्या शेजारच्या टेबलावर बटणं तपासायची आणि दिवसभर बडबडायची. मी तिला उभं राहा म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला नाच म्हटलं.

"सिस्टर, आज उभ्याने कसं काय?"

"नवीन नियम आहे."

तिने बोट पुढे केलं. पट्टी बांधून झाल्यावर दारात जाऊन वळली. "आडवीबाईला नाही कधी बघितलंत उभ्याने," म्हणाली आणि गेली. रागाने नव्हती म्हणाली. नुसतं आपलं आठवलं म्हणून म्हणाली. मी खुर्चीत बसले ती जेवणाची घंटा होईपर्यंत उठले नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, ते नाव कुणी ठेवलं देव जाणे. देवाला कशाला मध्ये घालायचं? मी ठेवलं. तू पहिल्या चिठ्ठीवर होतीस तेव्हाची गोष्ट. चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सुपरवायझरने विचारलं, "सिस्टर, तुमची बहीण कुठंय?" आजूबाजूला सगळ्या बसल्या होत्या, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी आता बहिणीची बाजू घेते का म्हणून. मी म्हटलं, "आमची आडवीबाई कुठे असणार? मिळेल तिथे आडवी." केवढ्या हसल्या सगळ्या! सुपरवायझर तर टेबलावर हात आपटून हसला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता कुणी म्हणणार नाही की सिस्टर घरच्यांना पाठीशी घालते.

आणि मग मी पाहिलं तर तू दारात उभी होतीस, हातात कप घेऊन. तूही हसलीस. इतके दिवस मी स्वतःला सांगत आले, चिमी हसली, म्हणजे तिने मनावर घेतलं नाही. तू लहानपणीही अशीच हसायचीस, पडलीस आणि लागलं की. आधी हसायचीस, मग कोपऱ्यात जाऊन गुडघा बघायचीस. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

मला लाज वाटते, चिमे. हा शब्द लिहायला मला सात महिने आणि तीन पत्रं लागली.

अजून सगळं लिहिलेलं नाही. उद्या लिहीन.

ताई


९ फेब्रुवारी

चिमे,

सकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. तू बेसिनपाशी उभी राहून कप धूत होतीस, उजव्या हातातून कप सुटला, आणि तू काहीतरी बोलायला गेलीस तर शब्द वेडेवाकडे आले. दहा मिनिटं. मग आपोआप सगळं जाग्यावर आलं. तुला डॉक्टरीणबाईंच्याच दवाखान्यात ठेवलंय. रक्ताची बारीक गुठळी मेंदूपर्यंत गेली असावी म्हणतात, आणि ती आली कुठून ते कळत नाही म्हणतात. पलंगावर झोपवून सगळ्या नळ्या लावल्यात, आणि यंत्रावर सत्त्याण्णव.

"मावशी," लेक म्हणाली, "या वेळी दहा मिनिटांत परत आली. पुढच्या वेळी?" आणि रडायला लागली.

मी आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांना जे सांगितलं तेच आता तुला सांगते. उलट क्रमाने सांगायला हवं होतं, आधी तुला. पण त्यांना ते लगेच कळायला हवं होतं.

तुझी सातवी खेप आठवते? तू आत आलीस, दाराला हात टेकलास आणि म्हणालीस, "ताई, आज मला आडवी करू नकोस. उभ्यानेच बघ. आडवी केलीस की मला बरं वाटतं, आणि मग मी खोटी पडते."

चिमे, तुला कळलं होतं. नववीत शाळा सोडलेल्या, कॉलर इस्त्री करणाऱ्या तुला तुझं दुखणं अगदी बरोबर कळलं होतं. छत्तीस वर्षं पट्टी आणि घड्याळ घेऊन बसलेल्या मला तू ते सोप्या भाषेत सांगितलंस.

मी चिमटा लावला. उभ्यानेच. सुपरवायझर तुझ्या मागे दारात हाताची घडी घालून उभा होता, "दर वेळी हिचंच" म्हणत होता. आकडा माझ्याकडे तोंड करून होता. तू विचारलंस, "किती?"

मी म्हटलं, "बोटं गार आहेत तुझी. लागत नाहीये."

लागला होता. त्र्याऐंशी होता. मी चिमटा काढला, पुन्हा लावला, पुन्हा त्र्याऐंशी. वॉर्डात असा आकडा दिसला असता तर मी पळत सुटले असते. पण मी तुला म्हटलं, "उगाच नखरे नकोत, झोप." तू झोपलीस. मी पाच मिनिटं घड्याळ पाहिलं. सत्त्याण्णव. आणि मी सत्त्याण्णव लिहिलं, आणि खाली तोच शेरा लिहिला, आणि सुपरवायझरला म्हटलं, "घेऊन जा."

स्वतःला सांगितलं की सेल उतरला असेल. सेल मी आदल्या दिवशीच बदलला होता. स्वतःला सांगितलं की नियमात न बसणारा आकडा वहीत चढवायचा नसतो. खरं सांगू? तो आकडा खरा धरला असता तर आधीचे सहा शेरे खोटे ठरले असते. दारातल्या माणसासमोर मला म्हणावं लागलं असतं, माझी बहीण खरं बोलत होती आणि मी तिला सहा वेळा खोटं पाडलं. ते माझ्याच्याने झालं नाही. त्यानंतरही तू चारदा आलीस. उभ्याने बघ असं पुन्हा म्हणाली नाहीस. मुकाट्याने कॉटवर जाऊन पडायचीस आणि छताकडे बघायचीस.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तारीख आठवते?" म्हणाल्या. मी सांगितली. "आणि आकडा नक्की त्र्याऐंशी?" मी म्हटलं, "दोनदा."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

मी म्हटलं, "हो."

"बरं. मी आत्ता त्यांना उभं करते," म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

हे पत्र तू फाडलंस तरी मी काही म्हणणार नाही.

ताई


२१ फेब्रुवारी

चिमे,

काय झालं ते तुझ्या लेकीने मला टप्प्याटप्प्याने सांगितलं. तू सांगू नकोस म्हणाली असशील, पण ती सांगते. माझा फोन ठेवल्यावर डॉक्टरीणबाई स्वतः तुझ्या पलंगापाशी आल्या, तुला धरून उभं केलं आणि बोटाचा आकडा बघत राहिल्या. सत्त्याण्णव, त्र्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. लेक म्हणाली, जिना उतरावा तसा उतरत गेला. आडवं केलं, तर आला तसा वर चढला.

मग ती बुडबुड्यांची तपासणी. हातातल्या शिरेतून बारीक बुडबुडे असलेलं मिठाचं पाणी सोडायचं आणि यंत्राच्या पडद्यावर हृदयाच्या चित्रात ते कुठे जातात ते पाहायचं. आडवी होतीस तेव्हा चार-दोन चुकार बुडबुडे हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्यात गेले. टेबल उभं कलतं केलं, तर झुंडच्या झुंड पलीकडे.

आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयात, मधल्या पडद्याला, झडपेसारखी एक फट असते. जन्मल्यावर ती चिकटून जाते. चारांतल्या एकाची नीट चिकटत नाही, आणि बहुतेकांना मरेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. तुझीही जवळजवळ पन्नास वर्षं गप्प होती. मग मणका दबला, तू वाकलीस, त्याबरोबर आत हृदयही थोडं वळलं, ताणलं गेलं. उभी राहिलीस की फट उघडायची आणि फुप्फुसात न जाताच रक्त पलीकडे जायचं, तसंच, काळंनिळं. आडवी झालीस की फट मिटायची. आणि तू वाकतेस म्हणून मी तुझ्यावर ओरडत होते.

आज तुझी फट बुजवणार आहेत. मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि दोन चकत्यांची एक टिकली पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बसवायची. छाती उघडायची नाही. मी यायला निघाले होते, पिशवीसुद्धा भरली होती. लेकीने तुझा निरोप सांगितला, "येऊ नको म्हणावं." म्हणून मी कामावर आले. तुझ्याजवळ बसायचा हक्क मी घालवलाय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

पण नुसतं हातावर हात ठेवून बसवेना. सकाळी वही काढली. सातव्या नोंदीच्या बाजूला लाल शाईने लिहिलं, 'याच वेळी उभ्याने घेतलेले मोजमाप ८३, दोनदा. ते नोंदवले नाही. रुग्णाला खोटे सांगितले. चूक माझी.' खाली सही आणि आजची तारीख. अकराही शेऱ्यांवर आडवी रेघ मारली. मग वही घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. "सिस्टर, तुमचं निवृत्तीला एक वर्ष राहिलंय," म्हणाले. "कोण विचारत होतं तुम्हाला?" मी म्हटलं, कुणी विचारत नव्हतं म्हणूनच इतके दिवस गेले. माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. देईन.

तिथून मी इस्त्रीच्या हॉलमध्ये गेले. वाफ, आवाज, तुला माहीतच आहे. मी सुपरवायझरला म्हटलं, दोन मिनिटं यंत्रं थांबवा. माझा चेहरा पाहून त्याने थांबवली. मी अठ्ठावीस बायकांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की माझी बहीण कधीच कामचुकार नव्हती, तिच्या हृदयात भोक आहे, ते मला यंत्राने दाखवलं होतं आणि मी ते दाबून ठेवलं. आणि आडवीबाई हे नाव मी ठेवलं होतं, ते आता कुणी तोंडात घ्यायचं नाही. कुणी हसलं नाही. बटणवाली तर पहिल्यांदाच गप्प होती. सुपरवायझर खाली बघत होता. शेवटी मागून एक म्हातारी म्हणाली, "बाई, ती आता कशी आहे ते सांगा की."

मला ते सांगता येत नव्हतं. दुपारचे दोन वाजलेत. तुला आत नेऊन एक तास झाला. मी फोन समोर ठेवून हे लिहितेय.

पावणेतीन. लेकीचा फोन येऊन गेला. टिकली बसली. तू जागी आहेस, पाणी मागतेस. मी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि तुझ्याच कॉटवर बसून खूप रडले.

ताई


३० मार्च

चिमे,

"यायचं असेल तर येऊ दे," असा तुझा निरोप आला आणि मी दुसऱ्याच दिवशी उगवले. थोडं थांबायला हवं होतं. राहवलं नाही.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे हे मला माहीत होतं, पण दार तू उघडशील असं वाटलं नव्हतं. ओठ गुलाबी होते. मी आधी ओठच पाहिले, सवय जात नाही. तू बाजूला झालीस, मी आत आले, तू खिडकीपाशी जाऊन उभी राहिलीस. मला बस म्हणाली नाहीस. बरोबर केलंस.

कपाटावर माझी पत्रं होती. चार फोडलेली आणि एक बंद. नऊ फेब्रुवारीचं. मी त्याच्याकडे बघतेय हे तू पाहिलंस.

"ते फोडलं नाही मी," म्हणालीस. "त्यात काय आहे ते मला लेकीने सांगितलंय. पुढच्या पत्रात तू वहीचंही लिहिलंयस. पण मला ते वाचायचं नाही. तोंडाने सांग."

पत्रात लिहिणं सोपं असतं ग. तिथे तू समोर नव्हतीस. मी पिशवी हातात धरूनच सांगायला लागले, सातवी खेप, दारातला सुपरवायझर, गार बोटं. तू मध्येच थांबवलंस.

"मी विचारलं होतं, किती. किती होता?"

"त्र्याऐंशी."

"म्हणजे मी खोटी नव्हते."

"नव्हतीस, चिमे."

"तू मला ते तेव्हा सांगितलं असतंस ना," तू म्हणालीस, "तर मी सुट्टीसुद्धा मागितली नसती. मला वाटायला लागलं होतं, मीच खोटी आहे. रात्री पडल्यापडल्या मी स्वतःला म्हणायचे, आत्ता कसं बरं वाटतंय? म्हणजे नखरेच ना. ते तू केलंस, ताई. दमाचं काय, तो लागतच होता."

मी 'चुकले' म्हटलं. तो शब्द एवढासा आहे, त्यात काय मावणार. लेकीने चहा आणला, आपण तिघींनी तो उभ्यानेच प्यायला. बिचारी लेक एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती आणि खुर्च्या तशाच रिकाम्या होत्या.

मी निघाले. वाटलं, दार लागेल आणि संपलं. पायात चपला सरकवताना पाहिलं, तर तूही चपला घालत होतीस. लेक म्हणाली, "आई, तीन मजले?" तू म्हणालीस, "मग काय झालं?" आणि माझ्या पुढे जिना उतरायला लागलीस. कठड्याला हात न लावता. मी मागून तुझ्या पायऱ्या मोजत होते आणि स्वतःला बजावत होते, विचारू नकोस, दम लागतोय का म्हणून विचारू नकोस.

थांब्यावर गेलो तर बस नुकतीच गेली होती. पुढची चाळीस मिनिटांनी. बाकडं होतं, रिकामं, सावलीतलं. तू बसली नाहीस. मग मीही बसले नाही. एक बाई पिशव्या घेऊन आली, "तुम्ही बसत नाही का?" म्हणाली, तू "नाही, तुम्ही बसा" म्हणालीस. चाळीस मिनिटं आपण दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. तू एकदा रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचलीस, एकदा माझ्या पिशवीचा बंद तुटत आलाय म्हणालीस. मी तुझ्या बोटांकडे बघत होते. नखं गुलाबी. शेवटपर्यंत गुलाबी. मी चिमटा आणला होता पिशवीत, काढला नाही.

मला माफ केलंस असं मी समजत नाही. तू तसं म्हणाली नाहीस आणि मी विचारणारही नाही. पण तू उभी होतीस आणि मला ते बघू दिलंस.

बस आली तेव्हा मी चढले आणि तू खालून, रस्त्याकडे बघत, जसं काही ड्रायव्हरला सांगतेयस अशी म्हणालीस, "पोचलीस की कळव."

म्हणून हे पत्र. पोचले.

तुझी,
ताई